आधी कर्सर बघा, भाऊ

कीबोर्डला डोळे नसतात. पडद्यावर कोणती खिडकी पुढे आहे, कोणती मागे दडली आहे, खुर्चीत कोण बसलंय, दाराबाहेर रांग किती, यातलं त्याला काही दिसत नाही. बोट पडलं की तो इमानदारीने वर कळवतो, की अमुक कळ खाली गेली, आता वर आली. ते अक्षर कोणाच्या पदरात घालायचं हे दुसरंच कोणी ठरवतं. दहा खिडक्या उघड्या असल्या तरी ऐकणारी एका वेळी एकच. तिच्याकडे ‘फोकस’ आहे असं संगणकवाले म्हणतात. आमच्या लोणखेड्यातल्या ऑनलाइनच्या दुकानात हा शब्द कोणी उच्चारत नाही. पण तिथली बरीचशी चिडचिड, तू-तू मैं-मैं आणि ‘साइट डाऊन आहे’ हे सगळं त्याच्याच पोटातून निघतं.

लोणखेडा म्हणजे शहाद्याला खेटून असलेलं गाव. कॉलेजची पोरं, ऊस-पपईवाले शेतकरी, सातपुड्यातून उतरून आलेली पावरा-भिल्ल मंडळी, पेन्शनीचं विचारायला आलेले म्हातारे, सगळे त्या दुकानातल्या एकाच टेबलाला टेकतात. पाटीवर झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म. निकाल लागले की उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल आणि नॉन-क्रिमीलेयरवाल्यांचा लोंढा. पाऊस पडला की पीकविम्यावाल्यांचा. टेबलामागे एक पोरगा. संगणक एक, कीबोर्ड एक, आणि कीबोर्डवरच्या मधल्या ओळीतली अक्षरं कधीच पुसून गेलेली. पोराच्या डोक्यावर आणखी चार डोकी झुकलेली असतात आणि प्रत्येकाला आपलंच आधी हवं असतं.

“दादा, माझा सातबारा तेवढा काढ ना, गाडीवर माणूस उभा आहे.”

“थांबा ना अप्पा, यांचं होऊ द्या.”

“व्हयनं का भो?”

“व्हई ऱ्हायनं, बापू.”

हे तो पडद्यावरून नजर न काढता बोलतो. खरं म्हणजे पडद्यावरही त्याची नजर नसतेच. ती असते डाव्या हाताखालच्या आधारकार्डाच्या झेरॉक्सवर. तिथून नाव वाचायचं आणि बोटांनी ते सोडून द्यायचं, असा त्याचा वेग. आणि नेमक्या अशाच वेळी पडद्याच्या मधोमध एक चौकोन उगवतो. कधी प्रिंटर म्हणतो शाई संपत आली, कधी अँटिव्हायरस म्हणतो मुदत संपली, कधी संगणक विचारतो की नवीन अपडेट आलंय, आता बसवू का? चौकोन उगवताना फोकस स्वतःकडे ओढून घेतो. पोराची बोटं चालूच. आईच्या नावातली तीन अक्षरं फॉर्ममध्ये गेली, पुढची अक्षरं चौकोनाने गिळली, आणि मग आला स्पेसबार.

इथे एक बारकावा आहे. चौकोनातल्या ‘होय’ या बटणावर फोकस असेल तर स्पेसबार म्हणजे ते बटण दाबणं. टाइप करणाऱ्याचा अंगठा दर शब्दानंतर स्पेसबारवर पडतो. म्हणजे प्रश्न वाचण्याच्या आधी, प्रश्न आला आहे हे कळण्याच्याही आधी, उत्तर देऊन झालेलं असतं: होय, बसवा, खुशाल बसवा. पडदा निळा होतो, गोल फिरायला लागतो, ‘कृपया संगणक बंद करू नका’ अशी विनंती येते. चारही डोकी एकदम विचारतात, “काय झालं?” पोरगा मान वर न करता सांगतो, “साइट डाऊन.” बिचाऱ्या साइटचा काही संबंध नसतो. पण समोरच्या माणसांना फोकसची चोरी समजावून सांगत बसण्यापेक्षा हे सोपं, आणि साइटबद्दल सगळ्यांचा अनुभव असा की त्यावर कोणी शंका घेत नाही.

फायरफॉक्सवाल्यांनी यावर एक छोटी युक्ती काढली होती. काही बसवू का म्हणून विचारणारी खिडकी आली, की तिचं ‘होय’चं बटण पहिला सेकंदभर मुकं राहतं. दाबा, काही होत नाही. तेवढ्या वेळात माणसाची नजर वर येते. एका सेकंदाची ही सभ्यता मला फार आवडते. माणसांतसुद्धा क्वचित दिसते.

टाइपरायटरला हा ताप नव्हता. शहाद्यासारख्या गावातल्या टायपिंग क्लासमध्ये खटाखट आवाजात ज्यांची उमेदवारी गेली त्यांना आठवत असेल: मराठी तीस, इंग्रजी चाळीस, हा शब्द-प्रति-मिनिटाचा आकडा सरकारी नोकरीच्या जाहिरातीतून पाठ झालेला, आणि सरांचा एकच धोशा, नजर कागदावर, बोटांवर नाही. गोदरेजने 1955 साली देशी टाइपरायटर बाजारात आणला तेव्हापासून कचेऱ्यांतून तो राबला. त्यात कागद एकच असतो. कळ दाबली की अक्षर त्याच कागदावर उमटणार. मामलेदाराच्या कागदावर मारलेलं अक्षर शेजारच्या टेबलावरच्या कागदावर जाऊन पडलं असं कधी घडलं नाही. संगणकाने पडदा दिला, पडद्यात खिडक्या दिल्या, आणि तिथून घोळ सुरू झाला. टायपिंग सरांचा नियम मात्र बोटांत मुरलेला राहिला. नजर कागदावर ठेवून टाइप करायचं तर पडद्यावर जागेवरून कोणी हलता कामा नये. आणि पडद्यावर तर सगळे हलायलाच बसलेले.

गावातल्या सत्काराच्या कार्यक्रमात माईक एकच असतो, तसाच हा फोकस. व्यासपीठावर पंधरा पाहुणे, प्रत्येकाकडे बोलण्यासारखं पुष्कळ, पण कर्णा एकालाच जोडलेला. माईक कोणी कोणाला द्यायचा याची रीत नसेल तर काय होतं हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. सूत्रसंचालक आभार मानत असताना कोणी तरी उठतो, “फक्त दोन मिनिटं” म्हणतो आणि माईक हातातून काढून घेतो. आधीच्याचं वाक्य अर्धं राहतं आणि पुढचं अर्धं नव्याच्या तोंडून निघतं. संगणकाच्या पडद्यावर माईक कोणाकडे असावा, यावरून शहाणी माणसं गेली पन्नास वर्षं वाद घालत आहेत.

खिडक्यांचा खेळ सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियात, झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टोतल्या संशोधन केंद्रात रंगला. (आपण ज्या कंपनीचं नाव छायाप्रतीला दिलं तीच ही. लोणखेड्यातल्या दुकानाच्या पाटीवरचा पहिला शब्द आणि पडद्यावरची खिडकी, दोघांचं घराणं एक.) 1973 साली तिथे आल्टो नावाचा संगणक तयार झाला. अ‍ॅलन के आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्यावर एकावर एक चढलेल्या खिडक्या दाखवल्या. तिथेच लॅरी टेस्लर नावाचा गृहस्थ होता. एकच कळ कधी एक काम करते, कधी दुसरंच, याचा त्याला मनस्वी तिटकारा. या तऱ्हेला तिकडे ‘मोड’ म्हणतात. टेस्लरने आपल्या गाडीच्या नंबरप्लेटवरच ‘नो मोड्स’ लिहून घेतलं होतं. 2020 च्या फेब्रुवारीत तो गेला. आपल्याकडे नंबरप्लेटवर ‘दादा’, ‘बॉस’ वाचायला मिळतं. कीबोर्डविषयीचा सिद्धांत नंबरप्लेटवर मिरवणारा एखादाच.

1984 च्या जानेवारीत मॅकिंटॉश आला. त्याची रीत सरळ होती: ज्या खिडकीवर क्लिक कराल तिला माईक. त्याच वर्षी एमआयटीत एक्स विंडो सिस्टिमचं काम सुरू झालं, आणि त्या पंथात दुसरी रीत रुजली: माऊसचा बाण जिच्यावर असेल तिला माईक, क्लिकबिक काही नको. तिचे भक्त आजही आहेत आणि फार कडवे आहेत. त्यांचं म्हणणं, हात हलवला की काम झालं, आणि मागच्या खिडकीत टाइप करायला तिला पुढे आणायची गरज नाही. एका खोलीत, एका माणसाला, शांतपणे बसून ही रीत छान चालत असेल. लोणखेड्यात ती एक तास टिकणार नाही. टेबलाला माणसं टेकलेली. कोणाची पिशवी माऊसला लागते, कोणाचं कोपर. बापूंची काठी तर टेबलाच्या पायाला टेकवून ठेवायची सवय. बाण एक इंच सरकला की अर्जदाराचं उत्पन्न शेजारच्या व्हॉट्सअ‍ॅपच्या खिडकीतून भलत्याच नातेवाइकाला जाऊन पोचायचं.

बाण रिकाम्या जागेवर गेला तरी आधीच्या खिडकीचा माईक काढू नये, अशी मवाळ शाखाही या पंथात निघाली. तिला ‘स्लॉपी फोकस’ म्हणतात. पंथ म्हटला की शाखा आल्याच.

विंडोजमध्ये क्लिकचीच रीत होती, पण पंचाण्णवच्या विंडोजपर्यंत मागे बसलेल्या कुठल्याही प्रोग्रामला उठून पुढे यायची आणि माईक ओढायची मुभा होती. म्हणून सगळेच ओढायचे. प्रत्येक प्रोग्राम लिहिणाऱ्याला वाटतं की आपली सूचना जगात सर्वांत तातडीची. मग अठ्ठ्याण्णवच्या आणि दोन हजारच्या आवृत्तीत मायक्रोसॉफ्टने नियम घातला: माणूस एका खिडकीत काम करतोय, त्याने आत्ताआत्तापर्यंत कळा दाबल्या आहेत, तर मागच्याने पुढे यायचं नाही. ‘आत्ताआत्तापर्यंत’ म्हणजे किती, तर दोन लाख मिलिसेकंद. साध्या हिशेबात तीन मिनिटं वीस सेकंद. फारच घाई असेल तर मागच्याने खालच्या पट्टीत आपलं बटण लुकलुकवत बसावं. माणसाला वाटेल तेव्हा तो बघेल.

पण नियम आला की पळवाट येते, हे सांगायला खानदेशातल्या माणसाला मायक्रोसॉफ्टची गरज नाही. ज्याच्याकडे माईक आहे तो आपल्या माणसाला तो देऊ शकतो, नुकतीच ज्याची कळ दाबली गेली तो पुढे येऊ शकतो, अशी कलमं होती. धूर्त प्रोग्रामांनी ती बरोबर हेरली. लिनक्सवरच्या केडीईवाल्यांनी मग माणसाच्या हातातच लगाम दिला: फोकसचोरीला आळा किती घालायचा, तर अजिबात नको, थोडा, मध्यम, जास्त आणि कमाल, अशा पाच पायऱ्या. त्यांच्या शेजारच्या ग्नोमवाल्यांनी वेगळा मार्ग धरला. तिथे न बोलावता आलेली नवी खिडकी मागेच उघडते आणि वर एक ओळ येते, अमुक तयार आहे. तयार आहे, बघा, असं म्हणून हात जोडून उभं राहायचं. व्यासपीठावरच्या पाहुण्यांनी शिकावं असं.

2008 साली क्रिस्टियान हॉग्सबर्गने सुरू केलेली, जुन्या एक्सची जागा घेणारी वेलँड नावाची नवी व्यवस्था आहे, तिथली शिस्त आणखी कडक. एका प्रोग्रामला दुसऱ्याने पुढे आणायचं असेल तर ज्याच्याकडे फोकस आहे त्याच्याकडून चिठ्ठी घ्यावी लागते. चिठ्ठी दाखवली तर माईक, नाही तर बसा. शिवाय तिथे कळ फक्त फोकस असलेल्यालाच ऐकू जाते. जुन्या एक्समध्ये मागे बसलेला कोणीही कान देऊन सगळ्या कळा ऐकू शकायचा, पासवर्डसकट. इतकी वर्षं जग तसंच चाललं होतं, हे कळल्यावर मला जरा वेळ पाणी प्यावंसं वाटलं.

एवढी सगळी शिस्त लागली ती खिडक्यांना. ब्राउझरच्या आत, वेबपानावर, वेगळंच राज्य. तिथे पान लिहिणारा राजा. त्याने एक ओळ लिहिली की फोकस हवा तिथे उडतो. ओटीपीचे सहा चौकोन घ्या. एक आकडा टाकला की फोकस आपोआप पुढच्या चौकोनात जातो. सोय म्हणूनच केलेली. आता लोणखेड्यातला प्रसंग असा, की ओटीपी ज्या मोबाइलवर येतो तो मोबाइल ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या मुलाकडे. आई दुकानात उभी. फोन लावलेला, स्पीकरवर टाकलेला, मागे ट्रॅक्टरचा आवाज.

“चार… सात… नाही नाही मावशी, त्याला म्हणा हळू सांग.”

“त्याला ऐकू येत नाही.”

“सात, एक, की सात, सात?”

तिसरा आकडा चुकतो. पोरगा मागची कळ दाबतो. पण फोकस तोवर चौथ्या, रिकाम्या चौकोनात, आणि तो मागे सरकत नाही, कारण पुढे जाण्याची ओळ लिहिणाऱ्याने मागे येण्याची ओळ लिहिलेली नसते. माऊसने तिसऱ्या चौकोनावर जावं तर तिथे आधीचाच चुकीचा आकडा बसलेला. तेवढ्यात ओटीपीची मुदत संपते. “मावशी, परत येईल, त्याला सांगा थांब.” ट्रॅक्टर चालू लागलेला असतो.

तालुक्याच्या यादीची गंमत याहून सूक्ष्म. नंदुरबार जिल्ह्यात सहा तालुके. इंग्रजी वर्णक्रमाने लावले तर अक्कलकुवा, अक्राणी, नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा. पोराने शहादा निवडला. पान लांबलचक, म्हणून खाली जायला माऊसचं चाक फिरवलं. पण फोकस अजून तालुक्याच्या यादीवर, बाणही तिथेच. पान काही हलत नाही, यादी मात्र एक घर खाली सरकते. माणूस बसल्याजागी तळोद्याचा झाला. चाक वर फिरवलं असतं तर नवापूरचा. कोणाला काही कळलं नाही. दोन आठवड्यांनी अर्ज परत येतो, ‘तालुका जुळत नाही’, आणि अप्पा दुकानात येऊन विचारतात, “मी तळोद्याला कधी गेलो होतो रे? माझी तर आत्याही तिथली नाही.”

आणि या सगळ्यावर मराठीचा मसाला. इंग्रजीतच टाइप करणाऱ्याला फोकस म्हणजे फक्त ‘कुठे’ एवढाच प्रश्न. आपल्याला ‘कुठे’बरोबर ‘कोणत्या भाषेत’ हाही. इन्स्क्रिप्ट हा कळांचा आराखडा भारतीय मानक म्हणून 1991 सालापासून छापलेला आहे, आणि दुकानातला पोरगा तोच वापरतो. विंडोजमध्ये पूर्वी प्रत्येक खिडकीची भाषा वेगळी लक्षात ठेवली जायची: या खिडकीत मराठी, त्या खिडकीत इंग्रजी. विंडोज आठपासून भाषा सगळ्यांना एकच झाली. खिडकीगणिक वेगळी हवी असेल तर सेटिंगमध्ये जाऊन तसं सांगावं लागतं. ज्यांना जुनी सवय होती त्यांची बोटं खिडकी बदलली की भाषाही बदलली असं धरून चालतात, आणि नव्यांची उलट.

परिणाम काय होतो ते एकदा जवळून बघा. इन्स्क्रिप्टच्या कळांनी ‘लोणखेडा’ लिहायला घेतलं आणि भाषा इंग्रजीतच राहिली, तर पडद्यावर उमटतं एन, ए, मोठा सी, मोठा के, एस, मग चौकोनी कंस, आणि शेवटी ई. एखाद्या परदेशी औषधाचं नाव वाटावं, मध्ये कंस अडकलेलं. उलट, इंग्रजी स्पेलिंगने ‘पाटील’ लिहिताना मराठी चालू असेल तर निघतं ‘जोूगत’. हे निदान दिसतं तरी. पासवर्डच्या रकान्यात सगळेच काळे ठिपके, मराठी काय आणि इंग्रजी काय. पोरगा पासवर्ड बरोबर टाकतो, पडदा म्हणतो चूक. पुन्हा टाकतो, चूक. तिसऱ्यांदा जरा जोरात टाकतो. कळा जोरात दाबल्या की पासवर्ड खरा होतो, अशी आपली एक राष्ट्रीय समजूत आहे. मग खातं चोवीस तासांसाठी बंद. सगळा दोष कोपऱ्यात बसून चालू भाषा दाखवणाऱ्या बारीक अक्षरांचा, जी कोणी बघितली नाहीत.

त्यात एक घटक संगणकाच्या बाहेरचा आहे. गिऱ्हाईक आपली प्लॅस्टिकची फाईल टेबलावर ठेवतो. टेबलावर जागा नसते. म्हणून ती कीबोर्डच्या खालच्या कडेवर टेकते. इन्स्क्रिप्टमध्ये खालच्या ओळीत एक्सच्या कळीवर अनुस्वार बसतो, शेजारी म. पोरगा मागे वळून प्रिंटरमधून कागद काढतोय तोवर अर्जदाराच्या आडनावापुढे टिंबांची माळ लागलेली असते, ओळीच्या टोकापर्यंत. फोकस बरोबर जागी, भाषा बरोबर, कोणी काही चोरलेलं नाही. फक्त फाईल टाइप करत बसलेली असते.

आमच्या तालुक्याला या विषयात एक मान आहे, तो सांगायला हवा. देशातलं पहिलं आधार 29 सप्टेंबर 2010 रोजी दिलं गेलं ते इथल्याच टेंभली गावात. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी त्यासाठी शहादा तालुक्यात आले होते. बारा आकड्यांच्या त्या व्यवहारातली मला आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. आधार नोंदणीच्या टेबलावर दोन पडदे ठेवायचे असतात, एक ऑपरेटरकडे आणि एक समोर बसलेल्या माणसाकडे तोंड करून. कीबोर्ड एकच. फॉर्ममध्ये इंग्रजी रकान्याशेजारी मराठीचा रकाना. इंग्रजीत नाव टाकलं की मराठी आपोआप उमटतं आणि ऑपरेटरने ते दुरुस्त करायचं. आपलं नाव कुठे, कसं उमटतंय हे ज्याचं नाव त्यालाही दिसावं, एवढाच त्या दुसऱ्या पडद्याचा हेतू. लोणखेड्यातल्या दुकानात दुसरा पडदा परवडत नाही, म्हणून पोरगा आहे तोच पडदा गर्रकन फिरवतो आणि विचारतो, “बरोबर आहे ना?” समोरचा चष्मा घरी विसरलेला असतो. तो म्हणतो, “हो हो, बरोबर.” इतक्या विश्वासाने म्हणतो की पोरगाच घाबरून पुन्हा एकदा वाचतो.

मध्ये एक दिवस दुकानातला माऊस मेला. नवा आणायला शहाद्याला माणूस गेला, तोवर गर्दी वाढली. पोराने टॅबच्या कळीवर दुकान चालवलं. टॅब म्हणजे फोकसला एक घर पुढे ढकलणारी कळ. शिफ्टबरोबर दाबली की एक घर मागे. नाव, टॅब, वडिलांचं नाव, टॅब, गाव. तालुक्यानंतर टॅब दाबला आणि फोकस नाहीसा झाला. कुठे गेला ते दिसेना. रकान्याभोवती जी बारीक निळी चौकट येते, तीच मुळी या पानावर नव्हती. पान सजवणाऱ्यांना ती चौकट कुरूप वाटते, म्हणून एका ओळीत ती पुसून टाकतात. पोरगा अंदाजाने टॅब दाबत राहिला. फोकस पानाच्या तळाशी ‘आमच्याविषयी’, ‘धोरण’, ‘संपर्क’ अशी यात्रा करून आला, मग वरच्या मंत्र्यांच्या फोटोवर थांबला, आणि कधी तरी परत फॉर्ममध्ये शिरला, तो एकदम मोबाइल नंबरच्या रकान्यात.

पोराचा तो एक दिवस होता. ज्यांना दिसत नाही त्यांचा प्रत्येक दिवस असा. अंध माणसाला माऊस निरुपयोगी. फॉर्म भरताना पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम फोकस जिथे असेल ते बोलतो. एनव्हीडीए नावाचा असा प्रोग्राम फुकट मिळतो. मायकेल करन आणि जेम्स तेह या दोन ऑस्ट्रेलियन तरुणांनी तो उभा केला, आणि दोघेही अंध. त्यांच्यासाठी फोकस म्हणजेच पडदा. तो न सांगता उडाला की वाचता वाचता कोणी पुस्तक बदललं. म्हणून 2008 च्या डिसेंबरमध्ये जे जागतिक नियम निघाले, वेब सर्वांना वापरता यावं म्हणून, त्यात तीन गोष्टी स्पष्ट लिहिल्या आहेत: फोकस कुठे आहे ते दिसलं पाहिजे, तो अर्थाला धरून पुढे सरकला पाहिजे, आणि कुठेही शिरला तरी कीबोर्डने बाहेर पडता आलं पाहिजे. वाचायला किती साधं वाटतं. भरायला बसा, मग कळतं.

मला दुकानातल्या त्या पोराचं कौतुक वाटतं ते वेगळ्याच कारणाने. विंडोजने खिडक्यांना तीन मिनिटं वीस सेकंदांचा कायदा लावला, वेलँडने चिठ्ठी मागितली. पण टेबलावर झुकलेल्या माणसांना असा कोणताही कायदा नाही. फोन खांद्यात, प्रिंटर मागे, मावशी समोर, बापू बाजूला, आणि प्रत्येकजण आपली ‘फक्त दोन मिनिटं’ घेऊन आलेला. त्याला न विचारता त्याचं लक्ष दर अर्ध्या मिनिटाला कोणी तरी ओढून नेतं. तरी तो परत फिरून पडद्याकडे येतो, लुकलुकणारी उभी रेघ शोधतो आणि नाव जिथे तुटलं होतं तिथून पुढे लिहितो. हल्ली त्याने एक कागद चिकटवलाय मॉनिटरच्या खाली, स्केचपेनने लिहिलेला, स्वतःसाठीच: आधी कर्सर बघा. कोणी तरी त्याच्याखाली निळ्या पेनाने ‘भाऊ’ जोडलंय.

तेव्हा फॉर्म बनवणाऱ्या मंडळींना एक विनंती. पुण्या-मुंबईच्या थंड खोलीत तो पूर्ण झाला की माऊसची वायर काढा, डाव्या हाताशी एक आधारकार्डाची झेरॉक्स ठेवा, मराठी चालू करा आणि नुसत्या टॅबवर, नजर कागदावर ठेवून, तुमचाच फॉर्म एकदा शेवटपर्यंत भरा. निळी चौकट पुसली असेल तर परत घाला. ओटीपीचे सहा चौकोन काढून एक लांब रकाना ठेवा. आणि तुम्ही दुकानात नुसते रांगेत उभे असाल, तर फाईल हातातच धरा. कीबोर्डवर टेकवू नका.